पोकळीची साक्ष

मोऱ्याच्या धक्क्यावरून पश्चिमेला पाहिलं तर बंदराच्या पाण्यापलीकडे कुलाबा आहे. उत्तरेला घारापुरी आणि तिच्या पाठीमागे ट्रॉम्बे. दक्षिणेला किनाऱ्याने गेलं की अलिबाग, आणि आत वळलं की नवीन पनवेल. चुंबकत्वाचा ज्याला नाद आहे त्याच्यासाठी हा सगळा टापू मोलाचा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं सुरू झाली, १९०४ पासून ती अलिबागला होऊ लागली आणि आजही होतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्याच्या टोकाला, आणि भाभा अणुसंशोधन केंद्र ट्रॉम्बेला. विश्वात चुंबकत्व पहिल्यांदा कुठून आलं, हा वाद मांडायला म्हणून मी मोऱ्याचा धक्का निवडला आहे. वाद घालणारे मामा आणि भाची ही वादापुरती उभी केलेली पात्रं आहेत. त्यांच्या तोंडी आलेला पुरावा मात्र खरा आहे, आणि दोघांच्या मध्ये मला जे म्हणायचं आहे ते मी माझ्याच नावावर म्हणेन.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. मुंबईच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.४ गॉस भरतं. लाँचवरच्या होकायंत्राची सुई फिरवायला तेवढं पुरतं. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या वायूत क्षेत्र आहे ते एका गॉसच्या काही दशलक्षांश भागाइतकं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हे क्षेत्र हजारो प्रकाशवर्षं एकाच दिशेने पसरलेलं असतं आणि त्यात साठलेली ऊर्जा त्या वायूच्या खळबळीच्या ऊर्जेशी बरोबरी करते. वायू आकसून तारा होणार की नाही, यात त्याचा हात असतो. आता अडचण अशी, की विद्युतवाहक वायू चुंबकीय क्षेत्र ताणतो, पिळतो, घड्या घालून वाढवतो, पण मुळात क्षेत्र शून्य असेल तर ते शून्यच राहतं. मूळ बीज कुठून तरी यावंच लागतं. ते विश्वाच्या पहिल्या क्षणांत पडलं, असं भाचीचं म्हणणं. तारे पेटल्यावर पडलं, असं मामाचं.

मामा : अगं, जे काम साधी भौतिकी करते त्यासाठी विश्वाच्या जन्मापर्यंत जायचं कशाला? लुडविग बियरमान यांनी १९५० मध्येच दाखवून दिलं, की आयनित वायूत घनता एका दिशेने बदलत असेल आणि तापमान दुसऱ्या दिशेने, तर हलके इलेक्ट्रॉन जड आयनांपेक्षा वेगळे ढकलले जातात, प्रवाहाचं वर्तुळ तयार होतं आणि क्षेत्र शून्यातून उगवतं. ही परिस्थिती विश्वात केव्हा आली? पहिले तारे आणि क्वेसार पेटले, त्यांचा अतिनील प्रकाश भोवतालच्या हायड्रोजनला आयनित करत पुढे सरकला, तेव्हा. त्या आयनीकरणाच्या आघाडीवर किती क्षेत्र तयार होईल, हे कंदस्वामी सुब्रमणियन, डी. नरसिंह आणि शशिकुमार चित्रे यांनी १९९४ मध्ये मांडलं. यातले नरसिंह आणि चित्रे त्या समोरच्या कुलाब्यातल्या संस्थेचे. उत्तर आलं ते अतिशय लहान, दशांशचिन्हापुढे एकोणीस-एक शून्यं. पण विरजण चमचाभरच लागतं. दीर्घिकेचं फिरणं आणि तिच्यातली खळबळ मिळून जो डायनामो चालतो, तो हे बीज घातांकी वेगाने वाढवतो. तीस-बत्तीस वेळा ई-पटीने वाढ झाली की चौदा दहापटींचं अंतर कापलं जातं, आणि आकाशगंगेच्या वयात तेवढा वेळ मिळतो. शिवाय दही लागल्यावर विरजण कुणाच्या घरचं होतं, हे दह्याकडे पाहून सांगता येत नाही. तुमच्या आदिम बीजाची गरज मला कुठे दिसत नाही.

भाची : वेळ मिळतो म्हणता, मामा, तो आपल्या आकाशगंगेला मिळतो. फिरण्याची एक फेरी वीस-बावीस कोटी वर्षांची, आणि हा डायनामो एका ई-पटीला साधारण तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ घेतो. म्हणजे तुमच्या तीस-बत्तीस पायऱ्यांना सात-आठशे कोटी वर्षं हवीत. मग तरुण दीर्घिकांचं काय? २००८ मध्ये बर्नेट आणि सहकाऱ्यांनी दूरच्या क्वेसारांच्या ध्रुवित रेडिओ लहरी तपासल्या. वाटेत एखादी साधारण दीर्घिका आडवी आली की फॅरेडे परिभ्रमण, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातून जाताना लहरींच्या ध्रुवणाची दिशा फिरणं, वाढलेलं दिसत होतं. या दीर्घिका विश्व आजच्या निम्म्याहून कमी वयाचं असतानाच्या, तरी त्यांतली क्षेत्रं आजच्याइतकीच जोरदार. २०२३ मध्ये जेम्स गीच आणि सहकाऱ्यांनी तर चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने ९आयओ९ नावाची दीर्घिका पाहिली. महास्फोटानंतर अडीचशे कोटी वर्षांनंतरची ती. तिच्या धुळीतून येणारा प्रकाश ध्रुवित आहे, आणि सुमारे सोळा हजार प्रकाशवर्षं पसरलेलं सुसंगत क्षेत्र तिथे आहे. अडीचशे कोटी वर्षांत तुमच्या पायऱ्या कशा चढल्या? बीज आधीच बरंच मोठं होतं, असं का धरू नये?

मामा : कारण तू संथ डायनामोचा हिशेब करतेस आणि चपळ डायनामो विसरतेस. लहान भोवऱ्यांचा डायनामो दीर्घिकेच्या फेरीची वाट पाहत नाही. भोवरा जेवढ्या वेळात एकदा उलटतो, तेवढा त्याच्या घड्याळाचा ठोका. काझान्त्सेव्ह यांनी १९६८ मध्ये त्याचं गणित घातलं, आणि सुब्रमणियन यांनी पुण्याच्या आयुकात बसून त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ब्रँडेनबर्ग यांच्यासोबतचा त्यांचा २००५ चा प्रदीर्घ आढावा आजही या विषयातला मुख्य आधार आहे. तारे फुटत असलेल्या तरुण दीर्घिकेत हा डायनामो काही कोटी वर्षांत क्षेत्र भरून काढतो. ते क्षेत्र गुंतवळासारखं असतं, हे मान्य. पण ९आयओ९ मध्ये तू पाहिलंस काय? धुळीच्या कणांचं ध्रुवीकरण क्षेत्ररेषेचा कल सांगतं, बाण सांगत नाही. उत्तरेकडे जाणारी रेषा आणि दक्षिणेकडे जाणारी रेषा त्याला सारखीच. गुंतलेलं क्षेत्र दीर्घिकेच्या फिरण्याने एका दिशेत ताणलं गेलं, तर बाण जागोजागी उलटे असूनही चित्र सुसंगत दिसेल.

इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण या फेरीत मामाची बाजू वरचढ ठरते आणि ती का ठरते हे महत्त्वाचं आहे. मामाचं बीज खरं आहे म्हणून तो जिंकत नाही. दीर्घिका हा पुरावा ठेवण्याची जागाच नाही, म्हणून जिंकतो. डायनामोचा गुणच असा की तो संपृक्त होतो. क्षेत्राची ऊर्जा वायूच्या ऊर्जेच्या जवळ पोचली की वाढ थांबते, आणि सुरुवात कुठूनही झाली असली तरी शेवट एकाच पातळीला येतो. मूळ बीजाची दिशा, जोर, पोत, सगळं घुसळून निघतं. सह्याद्रीतला काळा बेसाल्ट याच्या नेमका उलट वागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांनी त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि त्यानंतर दगडात काही हललं नाही. म्हणून आजही जाडच्या जाड थरांत चुंबकदिशा सध्याच्या उलट सापडते. स्मृती टिकते ती जिथे नंतर काही घडलं नाही तिथे. दीर्घिकांत फार काही घडलं. तेव्हा दूरच्या, आणखी दूरच्या, आणखी तरुण दीर्घिकांमधलं क्षेत्र मोजून मूळ शोधण्याचा जो उत्साह दिसतो, त्यातून डायनामोबद्दल पुष्कळ कळेल, उगमाबद्दल थोडंच.

मुंबईच्या इतिहासात या विचाराचा एक ठोस दाखला आहे. शहरात विजेच्या ट्रामचा बेत ठरला, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की रुळांमधून जमिनीत झिरपणारा प्रवाह सुयांना हलवत राहील आणि पृथ्वीचं क्षेत्र त्या गोंधळात हरवेल. उपकरणं सुधारून हा प्रश्न सुटणारा नव्हता, जागाच बदलायला हवी होती. अलिबागला त्यांनी वेधशाळा बांधली ती चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी वालुकाश्माची; इथला बेसाल्ट भिंतीला चालण्यासारखा नव्हता. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेला जोडली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली तेव्हा मोजमाप खाडीपार सुखरूप होतं. विश्वाच्या उगमक्षेत्राचं मोजमापही असंच दीर्घिकांच्या गजबजाटातून बाहेर काढावं लागतं. भाचीचा खरा मुद्दा इथून सुरू होतो.

भाची : दीर्घिका सोडून देते, मामा. महापोकळ्यांकडे चला. दीर्घिकांच्या जाळ्यामध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षं रुंदीचे जे रिकामे प्रदेश आहेत, तिथे तारे जवळजवळ नाहीत, वायू विरळ, भोवरे नाहीत, डायनामो चालायला काहीच नाही. तिथलं क्षेत्र थेट मोजता येत नाही, पण त्यातून जाणारे गॅमा किरण त्याची खबर देतात. ब्लाझार नावाच्या दीर्घिका अतिउच्च ऊर्जेचा गॅमा झोत आपल्याकडे फेकतात. वाटेत तो तारकांच्या जुन्या अवरक्त प्रकाशावर आदळतो आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या होतात. त्या जोड्या सर्वत्र भरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रकाशकणांना धक्का देऊन त्यांनाच कमी ऊर्जेचे गॅमा किरण बनवतात. म्हणजे एका उंच ऊर्जेच्या झोताबरोबर एक दुय्यम झोत यायलाच हवा. फर्मी उपग्रहाला तो दिसला नाही. आंद्री नेरोनोव्ह आणि येव्हगेन व्होव्क यांनी २०१० मध्ये त्याचा अर्थ लावला. वाटेतल्या क्षेत्राने इलेक्ट्रॉन एकीकडे आणि पॉझिट्रॉन दुसरीकडे वळवले, आणि दुय्यम किरण भलत्याच दिशेला पांगले. त्यासाठी किमान क्षेत्र हवं ते दशांशचिन्हापुढे पंधरा शून्यं आणि मग ३, एवढ्या गॉसचं. २०२३ मध्ये फर्मी आणि नामिबियातल्या हेस दुर्बिणींची निरीक्षणं एकत्र करून ही किमान मर्यादा दुपटीने वर गेली, तीही ब्लाझार फक्त दहा वर्षं पेटलेला होता असं कंजूष गृहीत धरून. तुमची बियरमान बॅटरी यापेक्षा हजारो पटींनी कमी देते, आणि पोकळीत ते वाढवायला डायनामो नाही. मग ते आलं कुठून?

मामा : तुझा सगळा पुरावा न दिसण्यावर उभा आहे. न दिसण्याला कारणं अनेक असतात. २०१२ मध्ये ब्रॉडरिक, चँग आणि फ्रॉमर यांनी विचारलं, की त्या जोड्यांचा झोत विरळ प्लाझ्मातून जाताना अस्थिर झाला, आपली ऊर्जा लाटांना देऊन बसला, तर? मग दुय्यम किरण निर्माणच होणार नाहीत, आणि पोकळीत क्षेत्र शून्य असलं तरी तुझं निरीक्षण तसंच राहील. दुसरं, पोकळी म्हणजे अस्पर्श जागा असं कुणी सांगितलं? दीर्घिकांमधून वारे सुटतात, कृष्णविवरांचे झोत लाखो प्रकाशवर्षं बाहेर जातात, आणि जाताना डायनामोने वाढवलेलं क्षेत्र घेऊन जातात. कडेकडेने पोकळीही मळत असेल.

भाची : दोन्ही शंका रास्त आहेत, पण दोन्हींची ताकद सारखी नाही. वाऱ्यांची आधी घेते. डोलाग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हिशेब केला, की दुय्यम किरण दिसू नयेत यासाठी किरणांच्या वाटेचा किमान साठ टक्के भाग क्षेत्राने भरलेला हवा. इथे-तिथे बुडबुडे असून चालत नाही. दीर्घिकांचे वारे इतक्या दूरवर आणि इतकं सलग पोचवणं फार अवघड आहे. अस्थिरतेची शंका जास्त गंभीर होती. म्हणून २०२५ मध्ये सर्नमध्ये तीच प्रयोगशाळेत तपासली गेली. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा झोत मीटरभर लांब प्लाझ्मातून सोडला आणि तो विस्कटतो का ते पाहिलं. झोत जवळपास होता तसाच राहिला. मीटरावरून कोट्यवधी प्रकाशवर्षांचं अनुमान काढायचं म्हणजे मधे सिद्धान्ताचा पूल लागतो, हे मला कबूल आहे. पण त्या पुलावरून आता तुमच्या बाजूला जाणं अवघड झालंय.

मामा : बरं, पोकळीत क्षेत्र आहे असं धरू. ते पहिल्या क्षणांत कसं तयार झालं, ते सांग. तिथे तुमची घडण डळमळीत आहे. टर्नर आणि विड्रो यांनी १९८८ मध्ये इन्फ्लेशनकडे, त्या क्षणार्धातल्या फुगवट्याकडे, बोट दाखवलं. पण विद्युतचुंबकत्वाचे नियम असे आहेत की विश्व फुगताना क्षेत्र नुसतं पातळ होत जातं. ते वाढावं म्हणून नियमांनाच हात घालावा लागतो, जसा भारत रात्रा यांनी १९९२ मध्ये घातला. तसा घातला की एक तर क्षेत्राची ऊर्जाच फुगवटा बिघडवते, नाही तर विद्युतभाराचं बळ सुरुवातीला इतकं वाढतं की गणितावर विश्वास ठेवता येत नाही. दुसरा मार्ग अवस्थांतराचा. तन्मय वाचस्पती यांनी १९९१ मध्ये सुचवलं, की विद्युतचुंबकी आणि क्षीण बलं वेगळी होताना क्षेत्र जन्मलं असेल. पण तेव्हा विश्वाचं वय सेकंदाच्या शंभर अब्जांश भागाइतकं, प्रकाश जेमतेम काही मिलिमीटर चाललेला. त्याच्याबाहेर सुसंगती येणार कुठून? आणि हिग्ज कणाचं वस्तुमान जेवढं निघालं, त्यावरून ठाऊक असलेल्या भौतिकीत ते अवस्थांतर उकळत्या बुडबुड्यांसारखं झालंच नाही, ते सावकाश सरलं.

मामाचे हे आक्षेप वजनदार आहेत आणि भाचीकडे त्यांचं पूर्ण उत्तर नाही. पिळदार क्षेत्र, म्हणजे ज्याच्या रेषा एकमेकींत गुंफलेल्या आहेत, ते कालांतराने लहान प्रमाणाकडून मोठ्या प्रमाणाकडे सरकतं, हे खरं. त्यामुळे मिलिमीटरची अडचण काहीशी सैल होते. अवस्थांतर जोरकस व्हायचं तर मात्र आपल्याला ठाऊक नसलेले कण लागतात. तरीही मी मामाच्या शेवटच्या पावलाशी सहमत नाही. ‘कसं झालं ते सांगता येत नाही’ यावरून ‘झालं नाही’ असं निघत नाही. कुलाब्यात मोजमापं सुरू झाली तेव्हा पृथ्वीला क्षेत्र का आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. डायनामोची कल्पना लार्मर यांनी १९१९ मध्ये मांडली. १९३० च्या दशकात काउलिंग यांनी तिच्यावर असा गणिती घाव घातला की अनेकांनी ती सोडून दिली. त्यातून ती सावरली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. या सगळ्या काळात सुईच्या नोंदी खऱ्याच होत्या. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात कुलाब्याचं क्षैतिज क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळलं. निरीक्षकाने ते डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलं, आणि त्याचा पुरता अर्थ २००३ मध्ये भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत लावला. स्पष्टीकरण दीडशे वर्षं मागे राहिलं म्हणून कुणी ती नोंद खोटी ठरवली नाही.

मात्र कुलाब्याची सुई हलली होती. पोकळीच्या बाबतीत अजून काहीच हललेलं दिसलेलं नाही, फक्त एक अपेक्षित झोत आलेला नाही. हा फरक भाचीच्या बाजूच्या लोकांनी विसरू नये. म्हणून माझं मत असं, की आजच्या पुराव्यानिशी पोकळ्यांत क्षेत्र असण्याचं पारडं जड आहे, आणि ते असेल तर ताऱ्यांच्या आधीचा उगम हाच त्यातल्या त्यात कमी ओढाताणीचा अर्थ आहे. त्यापुढे जाऊन मी काही मागणार नाही. येडामझिक आणि पोगोसियान यांनी २०२० मध्ये सुचवलं, की आदिम क्षेत्राने सुरुवातीच्या वायूत गुठळ्या केल्या असतील आणि विश्वप्रसरणाच्या दोन मोजमापांमधली तफावत त्यातून मिटू शकेल. कल्पना देखणी आहे, पण एक न सुटलेलं कोडं दुसऱ्या न सुटलेल्या कोड्याला टेकू म्हणून लावलं की दोन्ही एकदम कोसळण्याची भीती असते. आदिम बीजाची बाजू तिच्यावाचूनही उभी राहते.

मामा : मग मी केव्हा मानू?

भाची : दुय्यम किरण पांगलेले आहेत, नाहीसे झालेले नाहीत, असं दिसलं तर माना. ब्लाझारभोवती गॅमा किरणांचं अंधूक वलय सापडलं, किंवा एखादा स्फोट विझल्यावर कमी ऊर्जेचे किरण ठरावीक उशिराने येताना पकडले गेले, तर ते हललेल्या सुईइतकंच पक्कं. वलयाची रुंदी क्षेत्राचा जोर सांगेल. ट्रॉम्बेच्या लोकांनी लडाखमध्ये हान्लेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटरवर, मेस दुर्बीण उभारली आहे. २१ मीटर व्यासाची, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. ब्लाझार हे तिचं मुख्य लक्ष्य आहे.

मामा : आणि तू केव्हा सोडशील?

भाची : वलय मिळालं, पण क्षेत्र सगळीकडे सारखं न निघता दीर्घिकांच्या जवळून जाणाऱ्या वाटांवरच जोरदार निघालं, तर ते वाऱ्यांनी नेलेलं आहे आणि मी हरले. स्क्वेअर किलोमीटर ॲरे सुरू झाली की लाखो रेडिओ स्रोतांच्या फॅरेडे परिभ्रमणाचा नकाशा हातात येईल. भारत त्यात सदस्य आहे, पुण्याचं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आपल्याकडची बाजू सांभाळतंय. दीर्घिकांच्या जाळ्यातल्या तंतूंमधून जाणाऱ्या वाटा आणि पोकळ्यांमधून जाणाऱ्या वाटा वेगळ्या काढून तो तपासायचा. पोकळ्यांच्या वाटेवर परिभ्रमण काही पातळीखाली नाहीच असं ठरलं, तर माझ्या बाजूची जोरकस बीजं त्याच दिवशी बाद.

मामा : आणि दुबळी?

भाची : ती गॅमा किरणांवरच सुटतील किंवा बुडतील. रेडिओच्या आवाक्यात ती येत नाहीत.